मोराने निवडलेला कॉम्प्युटर

जंगलात कॉम्प्युटर आले होते, तेव्हाची गोष्ट. तळ्याला बांध घालायचं ठरलं आणि नकाशाचं काम सुगरणीकडे आलं. तिने खरेदी समितीला सांगितलं, "मेमरी भरपूर द्या, ग्राफिक्स कार्ड चांगलं द्या. बाकी खोका कसाही चालेल."

समितीचा अध्यक्ष मोर. त्याला दसऱ्याच्या पूजेत उठून दिसेल असा कॉम्प्युटर हवा होता. काचेची पेटी आणि आत रंगीत दिवे, यातच सगळं बजेट गेलं. "काय राजबिंडा दिसतोय!" मोर म्हणाला. सगळ्यांनी माना डोलावल्या. झेंडूचा हार पडला.

सुगरण कामाला बसली. पडद्यावर बांध फिरवून मागची बाजू बघायला गेली की कॉम्प्युटर हँग व्हायचा. दिवे मात्र झगमगत राहायचे. तिने तक्रार केली, तर मोर म्हणाला, "नवा कोरा आहे तो. तुझाच हात बसला नसेल. पावसाआधी बांध उभा राहायचाय, नकाशा लवकर दे."

तिने मागची बाजू अंदाजाने काढली आणि खाली सही केली.

श्रावणात बांध मागूनच फुटला. खालच्या माळावरची सशांची बिळं पिलांसकट वाहून गेली. म्हातारी सशीण एवढंच म्हणाली, "मागची बाजू बघितली नव्हतीस का गं?" सुगरणीला मान वर करवेना.

चौकशीत सही सापडली. सुगरणीला काढलं आणि काम सुतारपक्ष्याकडे गेलं. त्याने भीत भीत विचारलं, "कॉम्प्युटर कसा घेणार?"

"या खेपेला हयगय नाही," मोर म्हणाला. "दुप्पट दिव्यांचा घेऊ."