सगुणाच्या दारातली गाठ

सागाच्या रानाला लागून एक पत्र्याचं खोपटं होतं. तिथं इवलीशी सगुणा आणि तिचे बाबा राहायचे. बाबा म्हणजे मोठे कलाकार हं! पत्र्याच्या दाराला बदामी रंग द्यायचे, तो ओला असतानाच त्यातून फणी फिरवायचे, की लाकडाच्या रेषा उमटून झालं सागवानी दार! बघणारा फसलाच म्हणून समजा. पण हळूहळू त्यांची नजर गेली आणि घरचं दार तेवढं कोरं राहिलं. हिवाळ्यात पत्रा बर्फासारखा गार पडे. बाबा कुडकुडत, खोकत पडून राहत. सगुणाचा जीव नुसता तुटायचा.

एकदा काटक्या वेचताना तिला डिंकात अडकलेली चिमुकली परी दिसली. सगुणानं आपलं प्यायचं पाणी ओतून तिचे निळे-जांभळे पंख अलगद सोडवले.

"काय देऊ तुला, बाळा?"

"खरं लाकडी दार दे गं. माझ्या बाबांना फार थंडी वाजते."

परीनं झगमगती सोनेरी फणी दिली. "ही ओल्या रंगातून फिरव. रंग सुकला की दार सागाचं होईल. पण लाकूड काही आभाळातून पडत नाही हं. रानातला एक साग जाईल. रंग ओला आहे तोवर पुसता येईल, मग नाही."

सगुणानं घरी येऊन बाबांना सगळं सांगितलं आणि दार रंगवलं. बाबांनी शिकवल्याप्रमाणे मधोमध, खऱ्या लाकडाला असते तशी गाठही काढली. तोच गाठीतून आवाज आला, चीं चीं! तिनं वळून पाहिलं, तर समोरचा म्हातारा साग वाळत चालला होता आणि त्याच्या ढोलीत राघूची पिल्लं ओरडत होती.

"थांबलीस का गं, सगू?" बाबांनी विचारलं.

"बाबा, हे दार म्हणजे कुणाचं तरी घर आहे."

बाबा खोकले. "पूस, पोरी. मी सोसेन."

रडत रडत तिनं चिंधीनं सगळं पुसलं. साग पुन्हा हिरवा झाला, सोनेरी फणी मात्र विरून गेली. दार गारठलेलं, कोरं. सगुणाला ते बघवेना. तिनं बाबांची जुनी, दात पडलेली फणी काढली. बाबांनी तिचा हात धरला आणि दोघांनी मिळून साध्या रंगात साधं दार रंगवलं.

शेवटी मधली गाठ काढली मात्र, लख्ख उजेड पडला आणि पत्र्याचं दार खरंच लाकडी झालं! परी हसून म्हणाली, "हे लाकूड कुणाकडून हिरावलेलं नाही." आणि त्या उजेडातच ती दिसेनाशी झाली.

बाबांनी दाराला तळवा लावला. "अरेच्चा, उबदार आहे की!"

गाठीतून एक कोवळं पान डोकावत होतं. बाबांची नजर काही परत आली नाही. पण रोज सकाळी ते पान चाचपायचे आणि विचारायचे, "सगू, आज केवढं झालं गं?"