आढ्यातली साळुंकी

लई जुनी गोष्ट हाय. राजा कोण व्हता ते मला इचारू नका, गोष्ट ऐका. नदीकाठी तांबटांचं एक गाव व्हतं. तिथं एका मालकाचा तांब्याची भांडी ठोकायचा कारखाना. सकाळी हातोड्या वाजल्या की पल्याडच्या काठावरच्या बायका म्हणायच्या, "उठा गं, तांबट उठलं."

त्या साली देवीच्या जत्रंची थोरली कढई करायचं काम मालकाकडं आलं. आख्खा मुलूख तिच्यातलं जेवणार. आधीची कढई मालकाच्या बापानं केली व्हती, ती झिजली. आता ह्याची पाळी. जमली तर बापाचं नाव राहील. बिघडली तर जत्रंत तोंड दाखवायची सोय न्हाई.

झालं! तवापास्नं मालकाच्या जिवाला थारा न्हाई. जेवायला बसला की उठायचा, उठला की दारात जायचा, दारातनं परत घरात. हातोडी वाजली तर म्हणायचा, "नीट ठोकत्यात का?" थांबली तर म्हणायचा, "बसलं वाटतं लेकाचं!"

आता एवढा घोर असंल तर माणसानं काय करावं? सरळ कारखान्यात जाऊन बसावं. पण न्हाई. लोक म्हणतील ह्याला आपल्या माणसांचा भरवसा न्हाई, म्हणून लाज वाटली. आन् चोरून बघायची लाज? ती न्हाई वाटली! त्यानं बाजारातनं एक बोलकी साळुंकी आणली. ऐकंल ते जसंच्या तसं, त्याच आवाजात बोलणारी. ती आढ्यात नेऊन सोडली आन् कामगारांना म्हणला, "पाखरानं घरटं केलंय. हुसकू नका, पुण्य लागंल."

त्या खुळ्यांनी भाकरीतला तुकडा मोडून तिला घातला की हो!

सांजंला माणसं घरी गेली की मालक दाणं घेऊन आढ्याखाली उभा राहायचा. "आज कोण बसलं? सांग, कोण बसलं?" साळुंकी मग दिवसभराचं समदं ओकायची. हातोडीची ठकठक, भट्टीची धगधग, खोकला, हसणं आन् माणसांची बोलणी.

कारखान्यात भाता ओढायला एक बाई व्हती. एक दिस ती म्हाताऱ्या कारागिराजवळ बसली. त्याला समदी आबा म्हणायची. ती हळूच म्हणली, "आबा, माझा नवरा गेला वो घर सोडून. आईलाबी सांगितलं न्हाई म्या." आबानं तिच्या डोक्यावर हात ठेवला.

दुसऱ्या दिशी भाता जरा हळू चालला. मालक घरातनं तरातरा आला आन् समद्यांदेखत वराडला, "नवरा पळाला म्हणून माझी भट्टी इझवतीस व्हय गं?"

बाईच्या हातनं भात्याची दोरी सुटली. तिनं आबाकडं बघितलं.

"पोरी, देवीची आण, म्या न्हाई," आबा म्हणला.

"मग काय भिंतीनं सांगितलं?" ती म्हणली, आन् तवापास्नं आबाशी बोलायची बंद झाली.

एक बोलायची थांबली तशी समदीच थांबली. जो तो दुसऱ्याकडं वाकड्या डोळ्यानं बघाय लागला. मालकाचा चुगलखोर कोण? ह्यो का त्यो? भाकरीसुदीक पाठ करून खायाला लागली.

आता तांब्याचं एक असतंय. ठोकून ठोकून ते ताठ व्हतंय. मग भट्टीत लाल करायचं, मऊ पडलं की पुन्यांदा ठोकायचं, न्हाईतर तडकतंय. तेवढा येळ हातोडी गप. मालकाला हे काय ठावं न्हवतं? भट्टीच्या धुरात तर वाढला व्हता. पण संशय डोसक्यात शिरला की शिकलेलं भाईर पडतंय.

"काल दुपारी हातोड्या का थांबल्या?" त्यानं इचारलं.

"तांबं भट्टीत व्हतं, मालक."

"तांबं भट्टीत आन् तुम्ही सावलीत! थांबलेली हातोडी मला चालायची न्हाई."

बरं बाबा, तुझंच खरं. तांबं भट्टीत घालाय कुणी थांबंना. तांबं हातोडीखाली वरडत व्हतं, तरी ठोकत राह्यली. रोज सांजंला साळुंकी नुसती ठकठक करायची, आन् मालक खूश. पर निजला की दचकून उठायचाच.

कढई झाली. जत्रंचं पंच कारखान्यात आलं, हळद-कुंकू वाहिलं, पाण्याच्या घागरी ओतल्या. कढई निम्मी भरली आन् बुडापास्नं काठापातूर टरकन चीर गेली. पाणी मालकाच्या पायावरनं वाहत भाईर गेलं.

"कोण हरामखोर बसलं व्हतं? सांगा!" मालक बोंबलला.

आन् आढ्यातनं मालकाचाच आवाज आला, "आज कोण बसलं? सांग, कोण बसलं?" पाठोपाठ बाईचा आवाज, "आबा, माझा नवरा गेला वो घर सोडून."

समद्यांच्या माना वर. मग समद्यांच्या माना मालकाकडं.

बाई उठली. आबाच्या पाया पडली. "आबा, तुमच्यावर आळ घेतला म्या."

"उठ पोरी. तुझी चूक न्हाई," आबा म्हणला. मग मालकाकडं वळला. "मालक, तुमचा कारखाना, तुमचं तांबं. बघायचंच व्हतं तर दारात खाट टाकून बसायचं. आम्ही काय उठवलं असतं? चार गोष्टी तुम्हीबी ऐकल्या असत्या."

बाई म्हणली, "तांबं तुमचं, मालक. माझं दुःख तुमचं न्हवं."

कामगारांनी हातोड्या खांद्यावर टाकल्या आन् नदी उतरून पल्याडच्या गावाला गेलं. जत्रंची कढई तिथं झाली.

पुढं मालकानं लांबच्या मुलखातनं दुसरं कारागीर आणलं. पर साळुंकीची गोष्ट त्यांच्या कानावर आधीच गेली व्हती. हातोडीला हात लावायच्या आधी त्यांनी शिडी मागितली. कौलं उचकली, कोपरं झटकलं, रांजणात डोकावलं. काई घावलं न्हाई, साळुंकी कवाच उडून गेली व्हती. मालकानं पोराबाळांची शपथ घेतली. तरीबी त्या कारखान्यात पुन्यांदा कुणी तोंड उघडून हसलं न्हाई, आन् काम बिघडतंय हे दिसलं तरी मालकाला कुणी सांगितलं न्हाई.

म्हणून लहानथोरांनो, ध्यानात ठेवा: बघायचं तर सांगून, समोर बसून बघा, चोरून लावलेला कान बातमी आणतो आन् माणूस घालवतो.