चुंदाबाईची किल्ली राहिली आत

एक होती घरगाडी. घरगाडी म्हणजे चाकांवरचं घर. पुढे गाडी, मागे घर.

घरगाडी होती बुटाच्या खोक्याएवढी. कारण तिच्यात राहायची एक चिचुंद्री. तिचं नाव चुंदाबाई. आणि राहायचं चुंदाबाईचं बाळ. त्याचं नाव पिटू.

गाडीला एक दार. छपराला एक झरोका. आत एक चूल, एक पाळणा आणि भिंतीवर एक खिळा. खिळ्याला किल्ली.

घरगाडी आज या गावाला, उद्या त्या गावाला. एक दिवस ती आली खाडीच्या काठी. उंडीच्या झाडाखाली थांबली.

पिटू पाळण्यात झोपला. चुंदाबाईने पेज केली. झाकून ठेवली. पिटूचं दुपटं धुतलं. आणि दुपटं वाळत घालायला ती खाली उतरली. टप्प, टप्प.

दार उघडंच होतं. दुपटं दोरीवर टाकायला असा कितीसा वेळ लागतो?

तेवढ्यात खाडीवरून वारा आला. सूं सूं सूं.

दार लागलं. धाड!

कुलूप बसलं. खट्!

ते कुलूप आपोआप बसायचं. उघडायला मात्र किल्ली लागायची. आणि किल्ली होती खिळ्याला. खिळा होता भिंतीला. भिंत होती आत.

चुंदाबाई होती बाहेर.

तिने दार ओढलं. दार ढकललं. दाराला म्हणाली, "उघड ना रे!" दार काही बोललं नाही. दारं बोलत नाहीत.

तिने दाराला कान लावला. आत पिटू घोरत होता. घुर्र, घुर्र.

पिटू उठला की आधी डोळे चोळतो. मग आईला शोधतो. मग रडतो. पिटू फार मोठ्याने रडतो.

चुंदाबाईने वर पाहिलं. झरोका उघडा होता. खिळा अगदी झरोक्याखालीच होता. पण झरोका होता बोटाएवढा. आणि चुंदाबाई होती वांग्याएवढी.

"इथे लांब चोच हवी," चुंदाबाई म्हणाली. आणि निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु.

तारेवर बसला होता खंड्या. निळा निळा खंड्या. चोच ही एवढी लांब!

"खंड्याभाऊ, खंड्याभाऊ, किल्ली काढ!
किल्लीशिवाय दार उघडेना,
आणि पिटू आत एकटा!"

खंड्याने मान वाकडी केली. "काढीन की किल्ली! का नाही काढणार? पण आज ओहोटी आहे. पाणी गेलं, मासेही गेले. माझं पोट रिकामं. आधी मासळी दे."

"बरं," चुंदाबाई म्हणाली. आणि निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु.

काठावर बसला होता धाकूमामा कोळी. मांडीवर जाळं. जाळं कोरडं.

"काय गो बाय?" धाकूमामाने विचारलं.

"धाकूमामा, धाकूमामा, मासळी द्या!
मासळीशिवाय खंड्या हलेना,
खंड्याशिवाय किल्ली निघेना,
किल्लीशिवाय दार उघडेना,
आणि पिटू आत एकटा!"

"देईन की मासळी! का नाही देणार?" धाकूमामा म्हणाला. "पण माझी होडी बघ. चिखलात रुतून बसलीय. मी ओढली. माझ्या बायकोने ओढली. बायकोच्या भावाने ओढली. आता आमची पाठ दुखतेय. रेड्याला सांग. होडी ओढ म्हणावं."

"बरं," चुंदाबाई म्हणाली. आणि निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु.

डबक्यात बसला होता रेडा. नुसतं डोकं वर. बाकीचा रेडा खाली.

"रेडेकाका, रेडेकाका, होडी ओढा!
होडीशिवाय मासळी मिळेना,
मासळीशिवाय खंड्या हलेना,
खंड्याशिवाय किल्ली निघेना,
किल्लीशिवाय दार उघडेना,
आणि पिटू आत एकटा!"

रेड्याने एक डोळा उघडला. मग दुसरा उघडला. घाई कशाची?

"ओढीन की होडी," रेडा म्हणाला. "का नाही ओढणार? पण माझ्या कानात गोचीड बसलीय. सारखी चावते. डबक्यात डोकं बुडवलं तरी चावते. साळुंकीला सांग. गोचीड काढ म्हणावं. मग उठतो."

"कधी उठाल?"

"गोचीड काढली की."

"बरं," चुंदाबाई म्हणाली. आणि निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु.

एव्हाना पिटूचे डोळे चोळून झाले असतील. चुंदाबाईने पाय उचलले. तुरुतुरुतुरुतुरु!

कुंपणावर बसली होती साळुंकी. पिवळी चोच, पिवळे पाय. तोंड सारखं चालू. "कोण ते? कोण आलं? कशाला आलं? चालत आलं की पळत आलं?"

"साळुंकीताई, साळुंकीताई, गोचीड काढ!
रेड्याशिवाय होडी सरकेना,
होडीशिवाय मासळी मिळेना,
मासळीशिवाय खंड्या हलेना,
खंड्याशिवाय किल्ली निघेना,
किल्लीशिवाय दार उघडेना,
आणि पिटू आत एकटा!"

"अगं बाई! एकटा? आणि दार बंद? आणि किल्ली आत? आणि तू बाहेर?" साळुंकी म्हणाली.

"हो," चुंदाबाई म्हणाली. "तेच सांगितलं."

"काढीन की गोचीड! का नाही काढणार? पण माझं घरटं अर्धं राहिलंय. आत घालायला मऊ काथ्या हवा. माडाला सांग. सुका नारळ टाक म्हणावं. त्याचा काथ्या मला दे."

"बरं," चुंदाबाई म्हणाली. पण या वेळी लगेच निघाली नाही. कुंपणाखालीच बसली.

तिला वाटलं, आपणही जरा रडावं. पण रडायला वेळ लागतो. आणि वेळ तर नव्हता. चुंदाबाईने नाक पुसलं. आणि निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु.

वाडीत उभा होता माड. उंच उंच. पाय इथे, डोकं ढगात.

"माडआजोबा, माडआजोबा!"

माडाला ऐकू गेलं नाही. उंच माणसांना खालचं जरा उशिरा ऐकू येतं.

"माडआजोबाऽऽऽ!"

"ओ?"

"माडआजोबा, माडआजोबा, नारळ टाका!
साळुंकीशिवाय रेडा उठेना,
रेड्याशिवाय होडी सरकेना,
होडीशिवाय मासळी मिळेना,
मासळीशिवाय खंड्या हलेना,
खंड्याशिवाय किल्ली निघेना,
किल्लीशिवाय दार उघडेना,
आणि पिटू आत एकटा!"

माड डुलला. सळसळ सळसळ. "टाकीन की नारळ, पोरी! का नाही टाकणार? पण माझ्या शेंड्यात भुंगा शिरलाय. रात्रंदिवस कुरतडतो. कुरुकुरु, कुरुकुरु. माझं कशातच लक्ष लागत नाही. आधी त्याला जायला सांग."

"मीच सांगू?"

"मी रोज सांगतो. माझं तो ऐकत नाही."

"बरं," चुंदाबाई म्हणाली.

या वेळी ती कुठेच निघाली नाही. कारण भुंगा तिथेच होता. वर, शेंड्यात.

एव्हाना पिटूचं आईला शोधूनही झालं असेल. म्हणजे आता उरलं रडणं. आणि वाऱ्यावरून बारीक आवाज आला. चूं चूंऽऽ.

तो पिटूच होता.

चुंदाबाईने मान वर केली. जेवढी होईल तेवढी वर केली.

"भुंगेराव, भुंगेराव, बाहेर या!
माडाशिवाय साळुंकी येईना,
साळुंकीशिवाय रेडा उठेना,
रेड्याशिवाय होडी सरकेना,
होडीशिवाय मासळी मिळेना,
मासळीशिवाय खंड्या हलेना,
खंड्याशिवाय किल्ली निघेना,
किल्लीशिवाय दार उघडेना,
आणि पिटू आत एकटा!"

वरून आवाज आला. कुरुकुरु, कुरुकुरु. मग थांबला. भुंग्याने शेंड्यातून शिंग बाहेर काढलं.

"येईन की बाहेर! का नाही येणार? पण आधी मला हवा..."

"भुंगेराव," चुंदाबाई म्हणाली, "माझी पेज तयार आहे."

"मग?"

"पेजेबरोबर तोंडी लावायला काहीतरी लागतं."

"मग?"

चुंदाबाई नुसती भुंग्याकडे बघत राहिली.

भुंग्यानेही खाली बघितलं. नीट बघितलं. ते लांब नाक. त्या मिशा. ते बारीक बारीक दात.

चिचुंद्री तोंडी लावायला काय खाते, ते त्याला आठवलं.

"मला काहीच नको," भुंगा म्हणाला. "मी निघतच होतो."

आणि भुंगा उडाला. भर्र्र्र!

भुंगा गेला, तसा माड खूश झाला. त्याने सुका नारळ टाकला. धप्प! नारळ फुटला. काथ्या निघाला.

काथ्या मिळाला, तशी साळुंकी आली. रेड्याच्या कानात चोच घातली. टक्! गोचीड निघाली.

गोचीड गेली, तसा रेडा उठला. एक पाय, पच्च. दुसरा पाय, पच्च. तिसरा पाय, पच्च. चौथ्या पायाला जरा वेळ लागला. पच्च.

रेडा आला, तशी होडी सरकली. सर्र्र्र!

होडी पाण्यात गेली, तसं धाकूमामाने जाळं फेकलं. छप्प! मासळी आली. फडफड, फडफड.

"घे गो बाय," धाकूमामा म्हणाला. चुंदाबाईने मासळीची शेपटी धरली. आणि ओढत नेली. फरफर, फरफर.

मासळी मिळाली, तशी खंड्याने खाल्ली. गट्ट!

"आणखी आहे?" खंड्याने विचारलं.

"नाही."

"बरं," खंड्या म्हणाला. आणि उडाला. भुर्र!

तो छपरावर बसला. झरोक्यात चोच घातली. बाहेर काढली. चोचीत होता चमचा.

"हीच का किल्ली?"

"नाही. तो चमचा."

खंड्याने पुन्हा चोच घातली. अजून खाली घातली. टुच्च! बाहेर काढली.

चोचीत होती किल्ली.

चुंदाबाईने किल्ली घेतली. कुलपात घातली. फिरवली. खुट्! दार उघडलं.

दारामागेच बसला होता पिटू. गाल ओले. तोंडात स्वतःची शेपटी.

त्याने शेपटी काढली. "आई, तू बाहेर होतीस?"

"हो रे."

"मी आत होतो."

"हो रे, माझ्या सोन्या."

"मी हाका मारल्या. खूप मारल्या."

"ऐकल्या मी. म्हणून तर पळत होते."

पिटूने विचार केला. "मला भूक लागली," तो म्हणाला.

मग चुंदाबाईने त्याला उचललं. घट्ट धरलं. खूप वेळ धरलं. पेज गार झाली, तरी धरलं. मग दोघं पेज प्यायले. सुर्रर्र, सुर्रर्र. तोंडी लावायला काही नव्हतं. नसू दे.

पेज पिऊन झाली. चुंदाबाई उठली आणि कामाला लागली.

तिने एक दगड आणला. गोल, जड. दार उघडं असलं की तो दारापाशी ठेवायचा. येऊ दे वारा!

मग तिने उरलेला काथ्या वळला. त्याचा दोरा केला. दोऱ्यात किल्ली ओवली. दोरा गळ्यात घातला. खिळा राहिला रिकामा. त्याला पिटूचं टोपडं अडकवलं.

धाकूमामाने तारेची आणखी एक किल्ली करून दिली. तशीच्या तशी. चुंदाबाईने ती घरगाडीच्या पोटाखाली बांधली, मागच्या चाकाच्या मागे. ती जागा कुणाला सांगायची नाही. आता तुम्हाला कळलीच आहे, तर तुम्हीही सांगू नका.

आणि पिटूला तिने एक गोष्ट शिकवली.

"पिटू, खाली उतरायच्या आधी काय म्हणायचं?"

"काय?"

"आधी किल्ली, मग पायरी."

"आधी पायरी..."

"नाही. आधी किल्ली."

"आधी किल्ली, मग पायरी," पिटू म्हणाला. त्याने ते खूप वेळा म्हटलं. जेवताना म्हटलं. अंघोळीत म्हटलं. झोपेत पण म्हटलं.

मग पिटू म्हणाला, "मलाही गळ्यात पाहिजे."

"तुला किल्ली कशाला?"

"पाहिजे."

चुंदाबाईने अजून थोडा काथ्या वळला. अजून एक दोरा केला. खाडीवरून एक शिंपली आणली. शिंपली दोऱ्यात ओवली. पिटूच्या गळ्यात घातली.

घरगाडी निघाली पुढच्या गावाला. घडघड, घडघड. मग त्याच्या पुढच्या गावाला. रोज सकाळी दार उघडतं. दगड दारापाशी जातो. चुंदाबाई गळ्याला हात लावते. आहे.

पिटूही गळ्याला हात लावतो.

शिंपलीने कुठलंच दार उघडत नाही. पण पिटू रोज बघतो. आहे.

मग दोघं पायऱ्या उतरतात. टप्प, टप्प.