सातावरचा काटा

एके काळी कापसाच्या वखारींच्या गल्लीत आगीच्या बंबांना पाणी देणारे दोन नळ होते. थोरला लालभडक, धाकटा गंजका. तपासनीस चौगुले नळाच्या तोंडाला दाब मोजायचा काटा लावत आणि पाणी बाहेर न सोडताच दाब मोजत, कारण रस्त्यात चिखल झाला की वखारवाले ओरडत. थोरल्यावर काटा हमखास सातावर जाई.

"दादा, एकदा उघडून मोजून घे. आत गाळ साचला असेल," धाकटा म्हणाला.

"सात दिसत नाहीत का तुला?"

पुढे एक वखार पेटली. जवानांनी थोरल्याला उघडलं, तर करंगळीएवढी धार आली. धाकट्याने भरभरून पाणी दिलं, पण तोवर निम्मा कापूस जळला होता.

दुसऱ्या दिवशी चौगुल्यांनी थोरल्याला काटा लावला. पुन्हा सात!

"फसवलंस मला," थोरला करवादला.

"बंद तोंडाचे सात खरेच आहेत, थांबलेल्या पाण्याचा दाब गाळातूनही पोचतो," काटा म्हणाला. "उघडल्यावर किती, हे तू किंवा चौगुल्यांनी मला कधी विचारलंच नाही."