गजाबा प्रिंटर उठवतो

कुसळवाडी नावाच्या गावात एक भोळा माणूस होता, आणि गावाने त्याला ग्रामपंचायतीचा शिपाई करून ठेवले होते. त्याचे नाव गजाबा. मन लोण्यासारखे. सांगितलेली गोष्ट तो जन्मात विसरत नसे. फक्त ती त्याला नको त्या ठिकाणी आठवे.

पंचायतीत एक नवा प्रिंटर आला. जुन्या प्रिंटरला वायर जोडायला ग्रामसेवक भाऊसाहेबांना खुर्चीतून उठावे लागे. म्हणून हा बिनवायरचा आणला. बसल्या जागेवरून हुकूम सोडायचा, की तो कोपऱ्यात आपला आपण छापायचा. आठ दिवस छापले. मग तोही तिथल्या माणसांसारखा वागू लागला. काम नसले की झोपायचा, आणि काम आले तरी उठायचा नाही. अंगावर एक बारीक पिवळा दिवा तेवढा लुकलुकत राहायचा.

एका सोमवारी सकवारआजी आली. वरच्या वस्तीवर एकटी राहणारी म्हातारी. दोन कोंबड्या आणि एक रेशनकार्ड, एवढाच तिचा संसार. शुक्रवारी संध्याकाळच्या आत ती हयात असल्याचा दाखला तालुक्याला पोचला नाही, तर तिचे नाव रेशनच्या यादीतून कटणार होते. मग तांदूळ नाही, गहू नाही.

"आजी, तुम्ही जिवंत आहात हे मला दिसतंय," भाऊसाहेब म्हणाले. "पण दिसून उपयोग नाही. कागद लागतो."

"मग द्या की बाबा कागद."

भाऊसाहेबांनी हुकूम सोडला. कोपऱ्यात काही हलले नाही.

"झोपला वाटतं. गजाबा, मी मीटिंगला चाललो. तो झोपलाय, जरा बघ त्याच्याकडं."

झोपलेल्याकडे कसे बघायचे, हे गजाबाला आईने लहानपणीच शिकवले होते. त्याने चपला काढल्या. खिडकी लावून घेतली. कौलावरचा कावळा हाकलला. आपली घोंगडी आणून प्रिंटरवर घातली आणि शेजारी मांडी घालून बसला.

"आजारी आहे का रं?" आजीने दबक्या आवाजात विचारले.

"नाही. नुसता झोपलाय."

"मग झोपू दे बिचाऱ्याला. मी उद्या येते."

संध्याकाळी भाऊसाहेब आले. घोंगडी बघून त्यांनी कपाळावर हात मारला.

"अरे शहाण्या, त्याला उठवायचं होतं! वरच्या बाजूला एक बोट ठेवायचं आणि पाच मोजेपर्यंत दाबून धरायचं. मग उठतो. आलं डोक्यात?"

"आलं. वर बोट ठेवायचं, पाच मोजेपर्यंत दाबायचं. पुढच्या वेळी तसंच करतो."

रात्री झोपेपर्यंत तो तेच घोकत होता.

मंगळवारी मासिक सभा होती. सरपंच अण्णा मधल्या खुर्चीत बसले होते. पाणीपुरवठ्याचा विषय निघाला आणि नेहमीप्रमाणे अण्णांची मान छातीवर आली. घोरणे सुरू झाले. दरवर्षी याच विषयाला अण्णा झोपत, आणि दरवर्षी तो विषय मंजूर होई.

गजाबा पुढे झाला. अण्णांच्या टोपीवर, बरोबर मधोमध, त्याने बोट ठेवले आणि जोर लावला.

"एक. दोन. तीन."

चारला अण्णा किंचाळत उभे राहिले. टोपी डोळ्यांपर्यंत उतरली होती.

"कोण आहे रे? काय झालं? मंजूर, मंजूर!"

"अण्णा, पाच झाले नाहीत अजून. खाली बसा."

सभा तिथेच संपली. अण्णांनी गजाबाला बाहेरच्या कट्ट्यावर नेले.

"माणसाला असं उठवतात का रे? वाफाळता चहा आणायचा, नाकासमोर धरायचा. वास गेला की माणूस आपसूक डोळे उघडतो."

"चुकलं अण्णा. पुढच्या वेळी तसंच करतो."

दारात सकवारआजी बसली होती. आज प्रिंटरकडे जायला कुणाला सवडच झाली नव्हती.

"उद्या येऊ का?" तिने विचारले.

"या आजी. आता मला उठवायची रीत कळलीय."

बुधवारी गजाबाने स्वतःच्या घरचे आले टाकून चहा करून आणला. प्रिंटरला नाक कुठे असते ते त्याला ठाऊक नव्हते. जिथून कागद बाहेर येतो तिथे एक फट होती. तेच नाक धरून त्याने कप समोर धरला. वाफ फटीत जात होती. दिवा लुकलुकत होता. उठायचे नाव नाही. चहा निवला. निवलेला चहा पाहुण्याला देऊ नये म्हणून तो गजाबाने पिऊन टाकला आणि दुसरा आणला.

"साखर कमी असंल," आजी म्हणाली. ती आता त्याला मदत करू लागली होती.

चौथ्या कपाला त्याने कागदाचा खण थोडासा बाहेर ओढला आणि दोन घोट आत सोडले. नुसत्या वासाने भागत नसेल, असे त्याला वाटले. खणातला कागदांचा निम्मा गठ्ठा भिजून लगदा झाला.

भाऊसाहेब दुपारी आले. ओल्या कागदांवरून मुंग्यांची रांग चालली होती. त्यांनी लगदा उपसून टाकायला लावला.

"गजाबा, ते यंत्र आहे. यंत्राला खायला-प्यायला घालत नाहीत. यंत्र अडून बसलं की त्याची पिन भिंतीतून काढायची, सावकाश वीस मोजायचे आणि परत लावायची. मग ते मागचं सगळं विसरतं आणि नव्यानं सुरू होतं."

"अडून बसलं की पिन काढायची. वीस मोजायचे. परत लावायची."

"हां. आता मला घाई आहे. उद्या मोठे साहेब येतायत. सकाळी आधी तेवढं कर."

पण गुरुवारी सकाळी आधी मांडव घालायचा होता. जिल्ह्याहून मोठे साहेब येणार होते, आणि त्यांचा विषय होता कागदाविना कारभार. त्या भाषणाच्या शंभर प्रती छापून लोकांना वाटायच्या होत्या. भाऊसाहेबांनी खुर्चीतून नवा हुकूम सोडला. आजीचा दाखला प्रिंटरच्या रांगेत पहिला होता, तो काढून शेवटी लावला. साहेबांचे आधी, आजीचे मागून. प्रिंटर झोपलेलाच होता, त्यामुळे दोघांनाही फरक पडला नाही.

साहेब बोलू लागले.

"कागद ही भूतकाळातली गोष्ट आहे," साहेब म्हणाले. टाळ्या झाल्या. थोड्या वेळाने साहेब पुन्हा म्हणाले, "मित्रहो, कागद ही भूतकाळातली गोष्ट आहे." पाऊण तासात हे सात वेळा झाले.

गजाबा मांडवाच्या खांबाला टेकून ऐकत होता. सातव्या वेळी त्याच्या ध्यानात आले. साहेब अडून बसले होते.

तो गुपचूप मागे गेला आणि माइकची पिन काढली. मग मोठ्याने मोजू लागला.

"एक. दोन. तीन."

साहेबांचे ओठ हलत होते, आवाज येत नव्हता. लोकांना वाटले, भाषण संपले. बायका उठल्या, पोरे उधळली, म्हातारे चपला शोधू लागले. गजाबाने विसाला पिन परत लावली तेव्हा मांडवात सकवारआजी एकटी बसलेली होती, कारण तिला दुसरे जायला ठिकाण नव्हते.

"कागद ही भूतकाळातली गोष्ट आहे," साहेब तिला म्हणाले.

"व्हय बाबा," ती म्हणाली. "मला तर मिळतच न्हाई."

साहेबांची गाडी गेल्यावर भाऊसाहेब तावातावाने गजाबासमोर आले.

"साहेबांचं काही बिघडलं नव्हतं! ते तसंच बोलतात! मोठं काम चालू असताना कशालाही हात लावायचा नाही, कळलं? हात जोडून उभं राहायचं. आपसूक संपेपर्यंत."

"हात जोडून. संपेपर्यंत. पुढच्या वेळी तसंच करतो."

शुक्रवार उजाडला. शेवटचा दिवस. भाऊसाहेबांना तालुक्याला बोलावले होते, बहुतेक माइकबद्दलच. सकवारआजी सकाळीच आली. भाकरीचे गाठोडे ठेवायला तिला कुठे जागा दिसेना, म्हणून तिने ते प्रिंटरवर ठेवले आणि दमून वर दोन्ही हातांचा भार देऊन उभी राहिली.

प्रिंटर घरघरला. पिवळा दिवा हिरवा झाला. पाच दिवस ज्याच्यासाठी सगळी पंचायत झटत होती, तो आजीच्या भाकरीने उठला.

"उठला!" गजाबा ओरडला.

"छापतोय!" आजीने पदर तोंडाला लावला.

प्रिंटर छापू लागला. साहेबांचे भाषण, पहिली प्रत. दुसरी. तिसरी. हे मोठे काम आहे, हे गजाबाने लगेच ओळखले. त्याने चपला काढल्या, हात जोडले आणि उभा राहिला.

"आरं, माझा कागद कधी येणार?"

"श्श. हात लावायचा नाही. आपसूक संपेल."

आपसूक संपले ते कागद. निम्मे चहाने गेले होते, उरलेल्या निम्म्यांवर कागदाविना कारभार छापून झाला. आजीच्या दाखल्याच्या वेळी खण रिकामा होता. कपाटात पान नाही, गावात दुकान नाही. तालुक्याची गाडी अर्ध्या तासाने सुटणार होती.

आजीने गाठोडे उचलले आणि छातीशी धरले. ते बघून गजाबाने भाऊसाहेबांना फोन लावला.

"भाऊसाहेब, कागद संपले!"

"मग समोर जे असेल त्याच्यावर शिक्का मार!" भाऊसाहेब घाईत होते. "अण्णांची सही घे आणि तालुक्याच्या कचेरीत नेऊन दे. पोच घेतल्याशिवाय येऊ नकोस!"

गजाबाने समोर बघितले. समोर आजी होती.

"आजी, डावा हात पुढं करा."

तळहातावर पंचायतीचा गोल शिक्का उमटला. सुरकुत्यांतही तो छान बसला. मग दोघे अण्णांकडे गेले. अण्णा मोबाईल बघत होते. त्यांच्यासमोर काहीही धरले तरी ते सही करत, आणि मान वर न करता करत. शिक्क्याच्या खाली त्यांनी सही केली.

"कागद जरा जाड आहे," अण्णा म्हणाले.

गाडी मिळाली.

संध्याकाळी भाऊसाहेब पंचायतीत परतून खुर्चीत बसले होते. गजाबा एकटाच आला. त्याने पोच टेबलावर ठेवली.

"पोचला दाखला?" भाऊसाहेबांनी पाय लांब केले.

"पोचला. कारकुनांनी कागद मागितला, मी आजींचा हात पुढं केला. त्यांनी शिक्का बघितला, सही बघितली. वहीत लिहिलं, सकवारबाई, हयात. मान काही वर केली नाही."

"वा! गजाबा, पहिल्यांदा काम नीट केलंस. आजींना घरी सोडलंस ना?"

"नाही. त्या तिथंच आहेत."

"तिथं म्हणजे?"

"फायलीत."

भाऊसाहेब हसले. मग हसायचे थांबले.

"कारकून म्हणाले, मूळ प्रत परत मिळत नाही, आतल्या खोलीत नेऊन फायलीला लाव. मी दोन गठ्ठे सरकवून आजींना बसवलं. दिवसभराच्या दमलेल्या, बसल्या बसल्या झोपल्या. मग मी चपला काढल्या. घोंगडी घातली. कुणी उठवू नये म्हणून बाहेरून कुलूप लावून आलोय. आता सोमवारीच उघडेल."

भाऊसाहेब ताडकन उठले. खुर्ची मागे पडली. त्या कचेरीत एवढ्या झटक्यात उठताना गजाबाने आजवर कुणालाच पाहिले नव्हते. तो बघतच राहिला.

भाऊसाहेबांनी मोटारसायकल काढली, कारकुनाला घरातून उचलले, कुलूप उघडले. आजी दोन गठ्ठ्यांच्या मध्ये बसून भाकरी खात होती. उजव्या हाताने खात होती. डावा हात तिने पुसला जाऊ नये म्हणून वर धरला होता.

"नाव राहिलं ना माझं?" तिने विचारले.

"राहिलं, आजी."

"मग आरडाओरडा कशापायी?"

सोमवारी सकाळी प्रिंटर पुन्हा झोपलेला होता. भाऊसाहेब यायचे होते. गजाबाने त्याच्याकडे बराच वेळ बघितले. बोट, चहा, पिन, जोडलेले हात, सगळे त्याला आठवत होते. पण झोपलेला ताडकन कशाने उठतो, हे त्याने शुक्रवारी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले होते. तो वाकला आणि प्रिंटरला सांगायला तोंड उघडले, की आजींना आत बसवून बाहेरून कुलूप लावून आलोय.

मग तो थांबला. गजाबा जन्मात कधी खोटे बोलला नव्हता.

त्याने खुंटीवरचे कुलूप घेतले आणि आजींना आणायला वरच्या वस्तीवर निघाला.