कणगीच्या तळचे कमळ

पूर्वी काशी देशात एक वृद्ध राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व नदीकाठच्या एका नगरात धान्यव्यापाऱ्याच्या कुळात जन्मले. विणकरांच्या आळीत त्यांचे तांदळाचे दुकान होते. दुकान कसले, एक पडवी आणि तीत बांबूची मोठी कणगी! सोळा नाण्यांचा तांदूळ विकला की पंधरा खरेदीत जात, एक हाती उरे. त्या एकातूनच बैलांचा चारा, पाखडणाऱ्या बायांची मजुरी आणि दोन घरांचे जेवण भागे.

कणगीच्या तळाला बोधिसत्त्वांनी गेरूने कमळ काढले होते. दर चौथ्या दिवशी कणगी रिकामी होऊन ते दिसले पाहिजे, एवढाच त्यांचा नियम.

उत्तिय हा त्यांचा भागीदार. बायकोचे दागिने मोडून त्याने या धंद्यात भांडवल घातले होते, त्यामुळे त्याचा जीव त्या कणगीत अडकलेला. त्यात सासरा चौकातला बडा व्यापारी, रेशमी छताखाली बसणारा. तो सोळात तीन काढी आणि सणावाराला जावयाला हटकून विचारी, की सोळात एक, याला धंदा म्हणायचा की अन्नछत्र? उत्तियाच्या ते जिव्हारी लागे.

एकदा बोधिसत्त्व खरेदीसाठी महिनाभर दूर गेले. उत्तियाला आयतीच संधी मिळाली. कणगी नुकतीच भरली होती. त्याने भाव वाढवला आणि सोळात तीन उरतील असा हिशेब बसवला. पहिल्या दिवशी स्वारीची छाती फुगली. दुसऱ्या दिवशी गिऱ्हाईक थोडे कमी आले. मल्ली नावाची म्हातारी विणकरीण रोज संध्याकाळी एक माप तांदूळ नेई. नवा भाव ऐकून तिने अर्धेच माप घेतले, आणि चार दिवसांनी येणेच सोडले. जातील कुठे, असे उत्तिय मनाशी म्हणत राहिला. आळी कुठे गेली नव्हती. ती स्वस्त कोद्र्याच्या पेजेवर आली होती.

महिन्याने बोधिसत्त्व परतले. गल्ल्याकडे न पाहता त्यांनी कणगीत कोपरापर्यंत हात घातला. वर आलेल्या मुठीत तांदळाबरोबर पोरकिडे वळवळत होते.

मापामागे तिप्पट मिळवले, असे उत्तिय चाचरत म्हणाला.

“खरे आहे,” बोधिसत्त्व म्हणाले. “पण महिन्यात कमळ किती वेळा दिसले?”

“एकदाही नाही.”

“एरवी सात वेळा दिसते. सात वेळा एक मिळत होते. तुझी तीन एकदाच, आणि तीही अजून कणगीतच आहेत.”

 बायकोला काय तोंड दाखवू, या विचाराने उत्तियाला रडू आले. बोधिसत्त्व रागावले नाहीत. तांदूळ उन्हात घालून पाखडावा, खरेदीच्याच भावाने विकावा आणि आळीत घरोघरी बोलवायला उत्तियाने स्वतः जावे, असे त्यांनी सांगितले.

मल्लीच्या दारात तो मान खाली घालून उभा राहिला. म्हातारी म्हणाली, “बाबा, तुमचं एक नाणं आम्हाला कधी जड नव्हतं. तुमचंही घर चालायला हवं, म्हणून आम्ही ते हसत देत होतो. तुम्ही तीन मागितलीत, आणि माझी नात म्हणायला लागली, मला संध्याकाळी भूक लागत नाही.”

उत्तिय पुढच्या दाराशी गेला. त्या संध्याकाळी पडवीपुढे पुन्हा रांग लागली. सहाव्या दिवशी तो कणगीत उतरून झाडत असता केरसुणीखाली गेरूची पाकळी दिसली, आणि तो लहान मुलासारखा रडला. भाव पुन्हा सोळात एक असाच झाला. वर्ष सरता बायकोचे दागिनेही परत झाले. सासऱ्याच्या टोमण्यावर तो आता नुसता हसे.

जेतवन विहारात शास्त्यांनी, म्हणजे बुद्धांनी, ही कथा सांगितली ती एका भिक्षूसाठी. मूठभर देणाऱ्या झोपड्या ओलांडून तो श्रीमंतांच्याच दारी भिक्षेला उभा राही. कथा संपवून ते म्हणाले, “तेव्हाचा उत्तिय म्हणजे हा भिक्षू. मल्ली म्हणजे काल मूठभर भात घेऊन दारात याची वाट पाहत राहिलेली विधवा. आणि कमळ काढणारा तो व्यापारी मी होतो.”

दुसऱ्या दिवशी सकाळी भिक्षू पहिल्याच झोपडीपुढे पात्र घेऊन थांबला. त्या जन्मी बोधिसत्त्वांनी जोपासलेला गुण म्हणजे संतोष.