पोचलं म्हणेपर्यंत

"पण आक्का, दर वेळी थांबून विचारायचंच कशाला?"

मकरंद तळघराच्या पायरीवर उभा होता. हातात वायरचं टोक, कपाळाला कोळ्याचं जाळं चिकटलेलं.

गोदाक्का वरच्या पायरीवर बसून वाती वळत होत्या.

"कोण थांबतंय?"

"हे खालचं यंत्र. एक तुकडा वर पाठवतं आणि थांबतं. वरचं म्हणतं, मिळाला. मग दुसरा पाठवतं. पुन्हा थांबतं."

"मग बरोबरच आहे की."

"बरोबर आहे हो. पण या चालीनं दिवाळी उजाडेल."

"उजाडू दे. दिवाळीच ती."

स्वयंपाकघरातून सुलूमावशी हसली. मकरंद हसला नाही.

मठ डोंगराच्या पोटात आहे. थोरले बुवा गेले, त्यानंतर गोदाक्काच तिथलं सगळं पाहतात. माझे गुरुवार चालू होते, म्हणून त्या दिवसांत मी मठात राहून मावशीच्या हाताखाली काम करत होते. पाहिलं तेवढंच लिहिते.

मठाची एक रीत आहे. देणारा हात सोडत नाही, घेणारा 'पोचलं' म्हणेपर्यंत. पाण्याचा तांब्या असो की प्रसादाचा द्रोण. नवा माणूस गोंधळतो. मग दोघंही द्रोण धरून एकमेकांकडे बघत राहतात.

तिची धाकटी बहीण म्हणावी अशी दुसरी रीत. एकदा 'पोचलं' ऐकलं की दिलेल्यातलं काही मागे ठेवायचं नाही.

दिवेलागणीला आक्का थोरल्या बुवांच्या समाधीपुढे पाण्याची वाटी धरतात. कधी लगेच खाली ठेवतात. कधी हात थरथरायला लागेपर्यंत धरून असतात. आम्हाला काही ऐकू येत नाही.

त्यांना येत असावं.

थोरल्या बुवांकडे माणसं प्रश्न घेऊन यायची. प्रश्न आणि बुवांचं उत्तर, दोन्ही आवाजात साठवलेलं होतं. गारवा हवा म्हणून ते यंत्र तळघरात, समाधीच्या बरोबर खाली. त्याला पडदा नाही, बोलायला तोंड नाही. नुसतं सांभाळून ठेवणारं. ऐकायचं तर वरच्या नव्या यंत्रात आणूनच ऐकायला हवं.

खालचं लिनक्सवर चालणारं, वरचं विंडोजवर. मकरंद म्हणायचा, दोघांची बोली निराळी, मध्ये दुभाष्या बसवलाय. त्यात एकेका प्रश्नाचे बारीक बारीक तुकडे करून ठेवलेले. प्रत्येक तुकड्याला नाव विचारा, परवानगी विचारा, पोचल्याचं कळवा.

आणि खालच्याचं वय झालेलं. आतून टकटक यायची. कुणी दारावर बोट वाजवून वाट पाहावी, तशी.

"बुवा उत्तर द्यायच्या आधी पाटावर असंच बोट वाजवायचे," सुलूमावशी एकदा म्हणाली.



मकरंदची घाई वेगळीच होती.

त्याची आई, शालनताई, ती वारली त्या वर्षी एकटीच मठात येऊन बुवांना काहीतरी विचारून गेली होती. काय, ते तिनं घरी सांगितलं नाही. तिचा तो प्रश्न खालच्या यंत्रात होता. तिच्याच आवाजात.

"आक्का, तुम्ही होतात ना तिथं? काय विचारलं तिनं?"

"मी पाणी आणायला गेले होते."

"आणि परत आलात तेव्हा?"

"तेव्हा ती पाणी पीत होती."

मकरंदने ओठ आवळले. मोठमोठ्या ऑफिसांतली यंत्रं तो बसल्या जागी दुरुस्त करतो. असली उत्तरं ऐकायची सवय नाही त्याला.

"बंद पडेल ते कधीही. मग बसा वाती वळत."

"वाती वळाव्याच लागतात रे. बंद पडलं तरी."

...

दुसऱ्या दिवशी दुपारी तो पायऱ्या चढून वर आला तो चेहऱ्यावर तेज घेऊनच.

"सापडलं. आता वाऱ्यासारखं धावेल."

"काय केलंस?"

"वरच्याला सांगितलं, तुकडा हाताला लागायच्या आत 'पोचलं' म्हणून टाक. लिहून ठेवायचं काम मागाहून, सवडीनं कर. म्हणजे खालचं थांबणारच नाही."

आक्कांचा हात वातीवर थांबला.

"न पोचताच म्हणायचं?"

"पोचणारच असतं, आक्का. क्षणाचा तर प्रश्न."

"त्या क्षणी ते कुठं असतं?"

"कुठं म्हणजे... मधे. वरच्याच्या नुसत्या ध्यानात. अजून कागदावर उतरलेलं नसतं, असं समजा."

"आणि खालचं?"

"तुमचीच रीत पाळलीय. 'पोचलं' ऐकलं की खालच्यानं आपलं पुसून टाकायचं. मागे काही ठेवायचं नाही." तो हसला. "बघा, मठाचं सगळं शिकलोय मी."

आक्कांनी त्याच्याकडे पाहिलं.

"अर्धं," त्या म्हणाल्या.

त्यानं ते ऐकलं की नाही, माहीत नाही. तो खाली उतरलाही होता.

आधी त्यानं आरत्या आणून पाहिल्या. झपझप आल्या. लावून दाखवल्या, टाळांसकट. सुलूमावशीनं पदराला हात पुसत मान डोलावली. मलाही बरं वाटलं. एवढं शिकलेलं पोर, आईसाठी धडपडतंय.

दिवेलागणीला त्यानं शालनताईंचा प्रश्न पाठवायला घेतला.

"आक्का, या. ही बघा, आली. आली सगळी..."

वीज गेली. आमच्याकडे जाते तशीच, रोजच्यासारखी.

तळघरातली टकटक थांबली. किती सवय झाली होती तिची, ते तेव्हा कळलं.

...

वीज आली. दोन्ही यंत्रं उठली. मकरंदने वरचं लावलं आणि तो ऐकत बसला.

काही नव्हतं.

रिकाम्या ध्वनिफितीत निदान खरखर असते. पंख्याची घरघर, कुणाचं खोकणं. इथं तेही नव्हतं. त्याची आई जेवढा वेळ बोलली असेल, बुवा जेवढा वेळ बोलले असतील, तेवढा वेळ ते 'काही नाही' वाजत राहिलं आणि नेमक्या जागी संपलं.

त्यानं पुन्हा लावलं. पुन्हा.

"नाव आहे," तो म्हणाला. "लांबी आहे. ध्यानातलं विजेबरोबर गेलं. आत कुणी नाही."

"आणि खाली?" मी विचारलं.

"खालच्यानं पुसलं. 'पोचलं' ऐकलं ना त्यानं."

"कोण म्हणालं पोचलं?" आक्कांनी विचारलं. रागानं नाही.

"मीच म्हणायला लावलं."

पुसलेलं उकरून काढायचे त्याच्याकडे जे उपाय होते, ते सगळे त्यानं केले. हाताला काही लागलं नाही. नुसती टकटक.

त्या रात्री तो जेवला नाही. मावशीनं ताट झाकून ठेवलं. "उपास घडला म्हण," ती म्हणाली, पण तिचाही सूर नेहमीचा नव्हता.

सकाळी त्यानं थांबणं पहिल्यासारखं करून ठेवलं. पुसणं बंद केलं. यंत्र पुन्हा एकेक तुकडा देऊन वाट पाहायला लागलं. बाकीच्यांचे प्रश्न तरी वाचायला हवे होते. तेही कुणाकुणाच्या आयांचेच.

आक्का बागेतून परडी घेऊन आल्या. मी हात पुढे केला. "पोचलं," म्हटलं. त्यांनी परडी सोडली.

मकरंद बघत होता.

"आक्का, प्रत्येक फुलाला का नाही म्हणवून घेत?"

"परडी एकच आहे ना."

तो उठला. खाली गेला. पायऱ्यांवर चप्पल वाजली नाही, इतका हळू.

संध्याकाळपर्यंत सगळं वर आलं होतं. खालच्या खालीच त्यानं एकेका माणसाचे तुकडे एका गाठोड्यात बांधले आणि गाठोडं वर दिलं. विचारणं एकदा, कळवणं एकदा. गाठोडं खरोखर लिहून झालं की मगच वरच्यानं 'पोचलं' म्हणायचं. तरी कालच्याइतकंच भरभर. एकेक लावून पाहिलं. बायका बोलत होत्या, म्हातारे खोकत होते, बुवा पाटावर बोट वाजवत होते.

सगळे होते. एक सोडून.

...

तो समाधीपुढे येऊन बसला. भिंतीला टेकला नाही.

"झालं तुमचं काम, आक्का."

"आणि तुझं?"

त्यानं मान हलवली.

"मी फक्त ऐकणार होतो. उत्तर नको होतं मला बुवांचं. तिनं काय विचारलं, तेवढंच हवं होतं. तेव्हा मी परगावी होतो. फोन करायची ती. मी म्हणायचो, हो, कळलं, कळलं. ऐकायच्या आधीच म्हणायचो."

आक्कांनी समाधीवरची अक्षतांची वाटी घेतली आणि पाट ओढून त्याच्यासमोर बसल्या.

"हात पुढे कर. डोळे मीट."

त्यांनी एक दाणा त्याच्या तळहातावर ठेवला.



"कळला का?"

"नाही."

"मग म्हणू नकोस."

दाणा तो काय, त्याला वजन किती. मकरंदचं कपाळ आक्रसलं होतं. मावशी आणि मी दाराशी उभ्या होतो. कितीतरी वेळानं त्याचा चेहरा जरा सैल झाला.

"पोचलं," तो म्हणाला.

दुसरा दाणा. थांबणं. "पोचलं."

तिसरा.

"आक्का, वाटीच द्या ना. परडी दिलीत तशी."

"हे असंच येतं."

दाणा, थांबणं, पोचलं. बाहेर अंधारत आलं होतं. समाधीपुढची समई बारीक झाली, तेव्हा आक्कांनी वाटी जमिनीवर ठेवली आणि त्या तेल आणायला उठल्या. आवाज न करता. आमच्या अंगावरूनच गेल्या.

मला वाटलं, आता हा डोळे उघडेल.

"पोचलं," मकरंद म्हणाला.

त्याच्यासमोर कुणी नव्हतं. पाट रिकामा होता.

तो थांबला. तेवढाच, मघासारखा. मान किंचित कलती, कुणी हळू बोलत असावं आणि शब्द सुटू नयेत तशी.

"पोचलं."

सुलूमावशीनं माझं मनगट धरलं. तिचा हात गार होता. समईच्या उरल्यासुरल्या उजेडात मी त्याच्या तळहाताकडे पाहिलं. तिथं आक्कांनी ठेवलेले मोजके दाणे होते, ते आता मोजके नव्हते.

खालची टकटक थांबलेली होती. यंत्र मकरंदनंच संध्याकाळी बंद केलं होतं.

"पोचलं," तो म्हणाला, आणि या वेळी हसला. एखाद्या लहानशा, घरगुती गोष्टीवर हसावं तसा. गालांवरून पाणी वाहत होतं, ते त्यानं पुसलं नाही. हात हलला असता ना.

आक्का तेलाची बुधली घेऊन परत आल्या. पाटाजवळ गेल्या नाहीत. आमच्याच शेजारी उंबऱ्यात थांबल्या आणि हलकेच खोकल्या.

त्याच्या पापण्या हलल्या.

"आक्का... तुम्ही दाराशी कशा?"

आक्कांनी समईकडेसुद्धा पाहिलं नाही.

"डोळे उघडू नकोस रे. तिचं द्यायचं अजून संपलेलं नाही."